पानावरची सॉफ्टी

हिम्मतराव बिरादार पाऊस पाडायचे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, दर तासाला, दहा मिनिटं. चेष्टा नाही, त्यांची नोकरीच ती होती.

नव्याण्णव साली हैदराबादला कुकटपल्लीच्या पुढे एका खासगी बागेत काचेचा मोठा हॉल उभा राहिला. त्याचं नाव ‘वर्षावन’. तेव्हा रोज काहीतरी नवं उघडत होतं. कुणी पिझ्झाचं दुकान काढलं, आमच्या मालकांनी जंगल काढलं. कोडगूकडच्या, म्हणजे कूर्गच्या, एका नर्सरीवाल्यानं ट्रक भरून झाडं आणली: रानकेळी, वेत, जायफळ, खोडावर वाढणारे नेचे, आमऱ्या म्हणजे ऑर्किड. मधोमध पाण्याचं टाकं आणि टाक्यावर दोरांचा पूल. धनेश पक्षी मात्र सिमेंटचा, आणि जंगलातले आवाज टेपवर. लोक तिकीट काढायचे, भाड्याची छत्री घ्यायचे, पुलावर उभे राहून पाऊस बघायचे आणि पानांच्या होड्या टाक्यात सोडायचे. मी, मीना, तिकिटाच्या खिडकीत बसायचे. मला पगारापेक्षा तिथली सावली जास्त आवडायची, खोटं कशाला बोलू?

हिम्मतराव बिदरजवळच्या भालकीकडचे. घरची शेती भावांत वाटली गेली तेव्हा ते हैदराबादला आले आणि अफझलगंजात बियाण्यांच्या दुकानात वीस वर्षं राबले. शिक्षण सातवी, पण पान दोन बोटांत धरून झाडाला पाणी कमी झालंय की जास्त, ते सांगायचे. माणसांच्या बाबतीत मात्र एवढं कळत नसे. दिवसभर पाहुण्यांवर डाफरायचे. “अरे भाई, हात नक्को लगाओ! अम्मा, पत्ता नक्को तोडो!” माफी मागणं हा प्रकार तर त्यांच्या शब्दकोशातच नव्हता. एकदा माझ्या जेवणाच्या डब्यावर खताचं पोतं ठेवलं आणि वर मलाच म्हणाले, “डबा हितं कामून ठिवला?”

त्यांचा खरा दावा होता सॉफ्टीशी. फाटकाजवळ सॉफ्टी आइसक्रीमचं मशीन बसलं होतं आणि हॉलच्या दाराशी लोक कोन चाटत उभे असायचे. आत खायला मनाई होती. तरीही एके दिवशी टाक्यावर झुकलेल्या पानाला पांढरट फेसाचा गोळा चिकटलेला दिसला. हिम्मतरावांनी ओल्या फडक्यानं तो पुसून काढला आणि सॉफ्टीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आठवड्याभरानं दुसरा गोळा. तोही पुसला.

तिसरा दिसला त्या दिवशी आबिड्सचं महिला मंडळ आलं होतं. मंडळाच्या कुसुमताई म्हणजे तिथल्या मराठी शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. मंडळातल्याच अलकावहिनींना छत्री उघडत नव्हती, म्हणून त्यांचा कोन कुसुमताईंनी दाराशी क्षणभर हातात धरला होता. हिम्मतरावांनी नेमकं तेवढंच पाहिलं. पुलाजवळच्या पानावर गोळा दिसताच ते सगळ्यांसमोर सुरू झाले. “शिकलेल्या बाया तुमी! खायाचं तं भाईर खावा की. पानाला कशापायी फासता?”

“मी साखर खात नाही,” कुसुमताई म्हणाल्या. “मला मधुमेह आहे.”

“हातात तं कोन होता!”

पंधरा मिनिटं हे चाललं. मग हिम्मतरावांनी पान पुसलं आणि कुसुमताई छत्री न घेताच बाहेर पडल्या. मला फार वाईट वाटलं.

आठ दिवसांनी, गुरुवारी, त्या एकट्याच माझ्या खिडकीशी आल्या.

“मीना, आत केवढं उकडतं! सॉफ्टी तिथं किती वेळ टिकेल?”

“पाच मिनिटं, ताई.”

“मी पंधरा मिनिटं बोलणी खात उभी होते. तेवढ्या वेळात त्या गोळ्याचा एक थेंब गळला नाही. मग ती सॉफ्टी कशी?”

त्यांनी तिकीट काढलं, पर्समधून भिंग काढलं आणि त्या आत शिरल्या. खिडकी बंद करून मीही मागोमाग गेले. चौथा गोळा त्याच झाडावर होता आणि हिम्मतराव फडकं पिळून हात वर करतच होते.

“थांबा!” कुसुमताई म्हणाल्या. चाळीस मुलांचा वर्ग गप्प करणारा आवाज तो. हिम्मतरावांचा हात वरच राहिला.

कुसुमताईंनी भिंग फेसाजवळ धरलं, बराच वेळ पाहिलं आणि मग हिम्मतरावांच्या हातात दिलं. फेसात साबुदाण्याएवढी अंडी होती आणि काही अंड्यांत शेपट्या वळवळत होत्या.

“झाडावरच्या बेडकाचं घरटं आहे हे,” कुसुमताई म्हणाल्या. “पिल्लं वाढली की फेस सैल होतो आणि ती खाली पाण्यात पडतात. म्हणून तर टाक्यावरचंच पान.”

बेडूकही सापडला. वरच्या पानाखाली हिरवागार चिकटून बसला होता. कोडगूच्या कुंड्यांतून आला असणार. त्याचं ओरडणं आम्ही इतके दिवस टेपच समजत होतो.

हिम्मतरावांनी फडकं बाजूला टाकलं. “तीन पुसली म्या. ह्या हातानं. शेतकऱ्याचा लेक म्हणवतो, आन् उगवतं काय ते कळलं न्हाई मला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

“हे चौथं तरी वाचवू,” कुसुमताई म्हणाल्या. “फेस वाळता कामा नये. तीन-चार दिवस पाऊस हवा.”

आणि नेमकं त्याच दुपारी मॅनेजर मिलिंदनं फर्मान आणलं. मिलिंद पुण्याचा, पोरसवदा, वाईट नव्हता. हॉल कॉम्प्युटर क्लासला दिला होता. रविवारी संध्याकाळी वर्षावन बंद, सोमवारी झाडं नर्सरीवाल्याला परत, आणि पाऊस मात्र शुक्रवारपासूनच बंद.

“साहेब, चार दिस द्या,” हिम्मतराव म्हणाले.

“काका, टँकर मिळत नाहीयेत. बेडकासाठी पाणी हवं म्हणून हेड ऑफिसला सांगू?”

कुसुमताई आपलं तिकीट न्याहाळत होत्या. “तिकीटविक्री कधीपर्यंत आहे?”

“रविवारपर्यंत.”

“मग यावर छापलंय ते वाचा.”

मिलिंदनं वाचलं. ‘प्रत्येक तिकीटधारकास दर तासाला दहा मिनिटे पाऊस.’ त्यानं तिकीट उलटंपालटं केलं, डोकं खाजवलं. “टेक्निकली बरोबर आहे, काकू.”

शुक्रवारपासून महिला मंडळानं तिकिटं काढून पाळ्या लावल्या. सकाळी अलकावहिनी, दुपारी पद्मावतीबाई, मधल्या वेळी ज्या मोकळ्या असतील त्या. पुलावर छत्र्या उघडून बायका तांदूळ निवडत बसायच्या आणि तास झाला की हिम्मतरावांना आवाज द्यायच्या, “पाऊस!” हिम्मतराव पळत जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचे. हॉल बंद झाल्यावर ते पाठीवरच्या फवारणीच्या पंपानं पान ओलं ठेवायचे. घरी गेलेच नाहीत. ह्या तीन दिवसांत ते कुणावरही ओरडले नाहीत, आणि मला तेच चुकल्यासारखं वाटायचं.

रविवारी चारच्या पावसात फेस खालून सैल झाला. एक थेंब टाक्यात पडला आणि त्या थेंबाला शेपटी होती. मग दुसरा, मग भराभर. सगळ्याजणी पुलाच्या दोरांना धरून खाली वाकल्या आणि पूल असा हलला की अलकावहिनींचे तांदूळ पाण्यात गेले. दहा मिनिटांचा पाऊस त्या दिवशी पंचवीस मिनिटं चालला. मिलिंद घड्याळ बघत दारात उभा होता, पण व्हॉल्व्ह बंद करायला गेला नाही.

सोमवारी नर्सरीवाल्याचा ट्रक लागला. पिल्लं टाक्याच्याच पाण्यासकट पिंपात भरली, सापडले तेवढे बेडूक ओल्या पाल्याच्या टोपलीत ठेवले. हिम्मतराव पिंपाशेजारी बसून कोडगूपर्यंत जाणार होते. “खरं जंगल बघतो एकडाव,” म्हणाले. फाटकाशी सॉफ्टीवालाही मशीन उचलायच्या तयारीत होता. हिम्मतराव ट्रकमधून उतरले, तिकडं जाऊन त्यांनी एक कोन घेतला आणि निरोप द्यायला आलेल्या कुसुमताईंसमोर धरला.

“ताई, त्या दिशी लई बोललो तुमाला. चुकलं माझं.”

कुसुमताईंनी कोन हातात घेतला. सॉफ्टी अंगठ्यावरून ओघळत मनगटापर्यंत आली.

“बघा हिम्मतराव,” त्या म्हणाल्या. “सॉफ्टी ही अशी गळते.”

आणि खाल्ली. कोनासकट, सगळी. साखरेचा विषय मी काढला नाही.