सगळ्यात फिकं पाणी

ओल्या चुन्याचा वास आला की मला ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घराची ती भिंत आठवते, जिला आईने कधीच चुना लावू दिला नाही. दर पुराने तिच्यावर आपला डाग सोडलेला. खाली, जिथे पाणी वरचेवर यायचं, तिथे गडद तपकिरी, आणि वर जावं तसा रंग उतरत गेलेला. नव्वद साल उलटलं होतं, आणि मी एका कचेरीत घाटांचा नकाशा कॉम्प्युटरवर करत होतो. यात्रेकरूंनी हौसेने घ्यावा असा तो देखणा हवा होता, पण माझी निळी गंगा काही केल्या प्लास्टिकची वाटे. शेवटी मी भिंतीवरचेच रंग उचलले: पात्रात गडद, आणि पूर चढतो तिथवर फिके होत जाणारे पट्टे. नदी एकदम जिवंत झाली. हौसेने आईला नेऊन पडद्यासमोर बसवलं. तिने आमच्या घरावरून चढत जाणाऱ्या गल्लीच्या वरच्या तोंडाशी, सगळ्यात फिक्या पट्ट्यावर बोट टेकवलं. “हे दादाच्या बाढीचं पाणी,” ती म्हणाली. त्या पुराचं पाणी एकदाच एवढं वर आलं होतं, आणि माझ्या थोरल्या भावाला घेऊन गेलं होतं. मागून साहेब म्हणाले, “इतना हल्का रंग छपाई में नहीं आएगा, हटा दीजिए.” आईने बोट उचललं नाही. “राहू दे रे,” एवढंच म्हणाली. मी पट्टा ठेवला. छापील नकाशात तो खरंच उमटला नाही. पुढे आई गेली, घर विकलं, भिंतीला चुना लागला. अजूनही कुठलाही नकाशा उघडला की माझी नजर आधी नदीकाठच्या कोऱ्या जागेवर जाते, आणि तिथे पाणी असतं.