अर्ध्या बादलीची आंघोळ

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बाथरूमनं इतकं पाणी वाचवलं, की मागच्या अंगणातली मोसंबी वाळून गेली.

मोसंबी माझी नव्हती, बायकोची, सुमनची होती. सासऱ्यांची अंबडजवळ मोसंबीची बाग होती. दुष्काळात विहीर आटली, टँकरनं बाग जगवता जगवता सासरे थकले आणि शेवटी जेसीबी लावून सगळी झाडं उपटली. (मोसंबीचं लाकूड चुलीत छान जळतं, हे त्या साली कळलं.) त्याआधी सुमननं तिथलं एक कलम आणून जालन्यात आमच्या बाथरूममागं लावलं होतं. बापाच्या बागेतलं तेवढंच उरलेलं. आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो, झाडाला वेगळं पाणी कुठून आणणार? म्हणून मोरीचा पाइप थेट आळ्यात सोडलेला. आम्ही आंघोळ करायची आणि झाडानं प्यायचं.

मार्चमध्ये लेकीचं बाळंतपण आलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, तर लेक पुण्याहून म्हणाली, "आई, तुमच्याकडं पाणीच न्हाई. बाळाचे लंगोट कशात धुवायचे? तूच ये." मला हे फार लागलं. सुमननं बॅग भरली आणि रिक्षात बसता बसता बजावलं,

"मोसंबीला येगळं पाणी टाकायचं काम न्हाई. फकत रोज आंघोळ करत जावा."

"मी रोजच करतो!"

"बराबर करा म्हणते. दोन बादल्या."

रिक्षा वळली आणि मला क्रांती सुचली. पाण्यावाचून लेक माहेरी येत नाही काय? जन्मभर पोरांना जलचक्र शिकवलेला भूगोलाचा मास्तर मी, बाथरूमच सुधारतो! नळांना जाळ्या बसवल्या. धार इतकी बारीक झाली, की तांब्या भरेपर्यंत साबण अंगावर वाळायचा. कमी पाण्याचा शॉवर आणला, तो नुसती पाण्याची आशा दाखवायचा. गिझर काढून गच्चीवर सोलर चढवला. (एप्रिलच्या जालन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तसंही चहा टाकण्याइतकं तापतं, हा मुद्दा मी बाजूला ठेवला.) मेव्हणा विलास गावाहून आला होता, तो वर बघून म्हणाला,

"दाजी, ह्या उनात गरम पाण्याचा खर्चा?"

"हिवाळ्यात कळेल तुला!"

तो गेल्यावर मी कळस चढवला. मोरीचा पाइप तोडून आंघोळीचं पाणी ड्रममध्ये वळवलं. ते संडासात ओतायचं, बाहेर एक थेंब जाऊ द्यायचा नाही! शेजारच्या जाधवांची टाकी नळाच्या दिवशी भरून वाहायची, तेव्हा मी कंपाउंडवरून त्यांना पाणीबचतीचं व्याख्यान द्यायचो. बिचारे टॉवेल गुंडाळून ऐकून घ्यायचे.

पुण्याहून सुमनचा रोज फोन यायचा. नातू झाल्याची बातमी सांगितली आणि लगेच पुढचा प्रश्न:

"आंघोळ केली का?"

"केली! अर्ध्या बादलीत!"

"अर्ध्या? अहो, काय करून राह्यले तुम्ही? उन्हाळा हाय, चांगली दोनदा करा."

तिथं तिच्या शेजारी लेकीच्या सासूबाई बसलेल्या असायच्या! व्याह्यांमध्ये मी पारोसा माणूस म्हणून प्रसिद्ध होणार, या धास्तीनं एकदा मी चिडलोच. "माझ्या आंघोळीशिवाय तुला दुसरा विषय नाही का?"

ती हळूच म्हणाली, "झाड बरंय न्हवं?"

"झाड एकदम फर्स्ट क्लास!"

खरं तर पानं पिवळी पडून गळत होती. पण मी मोसंबीच्या जिल्ह्यातला माणूस! मृगाच्या बहारासाठी बागाईतदार उन्हाळ्यात झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात, पानं गळू देतात. मग पाणी दिलं की झाड फुलांनी भरतं. याला ताण देणं म्हणतात. माझ्या पाइपानं झाडाला फुकटात ताण दिला होता! मी लगेच विलासला कळवलं.

"पानं गळून राह्यली? मंग बसला ताण. पण लई दिवस ठिवू नका, दाजी."

'लई' म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. मास्तरला विचारायची सवय नसते. उलट सुमनला म्हणालो, "यंदा असा बहार येणार, की तुला बाबांची बाग आठवेल!" ती फोनवर रडली. आनंदानं.

जूनमध्ये ती परत आली. विलास तिला घेऊन आला होता. बॅगही खाली न ठेवता ती मागं गेली. झाडावर एक पान नव्हतं.

"ताण दिलाय," मी ऐटीत म्हणालो.

विलासनं फांदी वाकवली. ती कटकन मोडली. बुंधा नखानं खरवडला, तर आत हिरवं काही नव्हतं.

"दाजी, ह्याला ताण न्हाई म्हणत. फाशी दिली तुम्ही."

सुमननं आळ्यातली माती हातात घेतली. ती राखेसारखी उडाली. "पाइप कुठाय?"

मी ड्रम दाखवला. तो काठोकाठ भरलेला होता. (एकट्या माणसाला संडासात ओतायला पाणी लागणार किती!)

"बाबांकडं पाणी नव्हतं, म्हणून गेली बाग," ती म्हणाली. "आपल्याकडं तर व्हतं."

मग ड्रममधलं पाणी तिनं तांब्या-तांब्यानं त्या वाळक्या झाडाला घातलं. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. मदत करायला पुढं झालो, तर तिनं तांब्या दिला नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या जुन्या शाळेत 'घरातली पाणीबचत' यावर माझं भाषण होतं. आधीच कबूल केलेलं, काय करता? गेलो. टाळ्याही पडल्या. हल्ली सत्काराला हार नसतो, रोप देतात, आणि आमच्याकडं रोप म्हणजे मोसंबी! घरी येऊन मी ते सुमनपुढं धरलं. तिनं ते घेतलं, पदर खोचला आणि सरळ फाटकाबाहेर निघाली.

"अगं, कुठं चाललीस?"

"जाधवांकडं लावून येते. त्यांच्याकडं माणसं आंघोळ करतेत."

मी रोज आंघोळ करतो हो! खोटं वाटत असेल तर या घरी, ड्रम दाखवतो.