बास्क क्लबातलं सुरमईचं कालवण

मंडळी, आत्ताच मरीन परेडहून जेवून आले आणि संताप आवरत नाहीये.

तिथे स्पेनमधल्या बास्क लोकांचा जेवणाचा क्लब आहे. स्वयंपाक फक्त सभासद पुरुषांनी करायचा, पाहुण्यांनी ओट्याकडे फिरकायचंही नाही. आमचे हे तिथले सभासद, दर शनिवारी जायचे. ते वारल्यानंतर आज मला पहिल्यांदाच बोलावलं.

सवयीने वाढायला उठले, तर म्हातारा मिकेल ओरडला, “मॅडम, बसा! हे कालवण तुमच्या नवऱ्याने शिकवलंय. त्याच्यासारखं मात्र कुणालाच जमत नाही.”

चाळीस वर्षांत या माणसाने घरी साधा चहा केला नाही! चारचौघांत रडायचं नाही, असं कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर शिकवायच्या. तरी पहिल्याच घासाला रडू कोसळलं.

सांगा, आता मी भांडू कोणाशी?