गिरणीपाशी सुटलेलं बोट

शाळेच्या अलीकडं पिठाची गिरणी लागते. तिथं आलं की माझी लेक हळूच माझं बोट सोडते. आधी शाळेच्या दारापर्यंत धरायची.

गेल्या पालकसभेत मी तिच्या बाकात बसलो आणि पोट अडकलं. म्हटलं, "बाई, जन्मात पहिल्यांदा शाळेत बसलो, तर बाक सोडंना!" सगळे हसले, बाईसुद्धा. लेक तेवढी खाली बघत होती.

घरी म्हणाली, "आबा, पुढच्या सभेला आईला पाठवा."

"का गं? ती तरी कुठं शिकलीय?"

"ती गप बसते."

लोक हसले की मला वाटायचं, आपलं बरं चाललंय. बापाला हसलेलं लेकराला कसं ऐकू येतं, ते कुठं ठाऊक होतं?

हल्ली गिरणी यायच्या आधीच मी तंबाखू मळायला घेतो. दोन्ही हात गुंतले, की तिला बोट सोडावं लागत नाही.