काकांच्या छतावरून आलेली वायर

केदारखेड्याहून मी पहिल्यांदा परदेशी निघाले, तेव्हा जीप दारात उभी होती आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, टपावरच्या बॅगांवरून ड्रायव्हरवर खेकसत होते. आईने हातावर दही ठेवलं. शेजारच्या ओट्यावर काकू पदराने डोळे पुसत होती. काका मात्र बाहेर आले नाहीत. बांधावरचा लिंब कुणी तोडला यावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. निघताना अण्णा एवढंच म्हणाले, "तिथं कुणापुढं हात पसरायचा न्हाई. आपलं आपण भागवायचं."

रॉटरडॅममध्ये मी तसंच भागवत आले. फ्लॅट घेतला तेव्हा राऊटर पोस्टाने आला. खोका उघडला, पिन लावली, पासवर्ड टाकला, झालं. बाहेर गेलेल्यांना यात नवल वाटणार नाही. गावात राहिलेल्यांना मात्र सांगते, की गेल्या उन्हाळ्यात आईचा पाय मोडला, मी ऑफिसचं काम सोबत घेऊन गावी गेले, आणि तसलाच डबा घरात बसवताना माझ्या नाकी नऊ आले.

नेटवाला आला, त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "खांब तिकडून हाय. वायर शेजारच्यांच्या छतावरून आणावी लागंल."

शेजारचे म्हणजे काका.

"त्याच्या छतावरून?" अण्णा म्हणाले. "मंग नगं आपल्याला नेट."

"अण्णा, माझी नोकरी आहे. सोमवारपासून मीटिंगा आहेत."

"मोबाईलवर कर."

नेटवाल्याने वायर गुंडाळली आणि तो निघून गेला.

मी काकांकडे गेले. काकूने चहा टाकला, काकांनी आईच्या पायाची चौकशी केली. मी वायरीचं काढताच म्हणाले, "जाऊ दे की वायर. पण तुझ्या बापानं येऊन म्हणावं." मी परत आले. अण्णा म्हणाले, "मी मोठा हाय. मी जाऊन राह्यलो व्हय त्याच्या दारात?" मी पुन्हा काकांकडे गेले, पुन्हा परत आले. तीन देशांतल्या माणसांची टीम मी सांभाळते, आणि गावात दोन ओट्यांमध्ये निरोप वाहून माझं डोकं फुटायची पाळी आली होती.

सोमवारी छतावर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसले. तिथे मोबाईलची जेमतेम एक काडी येत होती. मॅनेजर बोलता बोलता तोंड उघडं ठेवून गोठला. नंतर त्याचा मेसेज आला: असं चालणार नाही, एक तर सुट्टी टाक नाही तर परत ये. सुट्टी शिल्लकच नव्हती. खाली येऊन मी ओरडले, "आईचा पाय बरा होईपर्यंत राहू का आत्ताच जाऊ, तेवढं मला कुणी तरी सांगा!"

आई उठली. प्लास्टरचा पाय, हातात वॉकर. टेकत टेकत दोन घरांमधल्या भिंतीपाशी गेली आणि तिने हाक मारली, "भाऊजी! तुमच्या दोघांच्या लिंबापायी माझी लेक माघारी चाल्ली!"

पलीकडून काकांचा आवाज आला, "वहिनी, तुम्ही कामून उठल्या? पडसाल. बोलवा त्या नेटवाल्याला."

वायर आली, पण मला सुख कुठलं! अण्णांनी राऊटर आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीवर नेऊन ठेवला. काकांच्या घरात रेंज जाऊ नये म्हणून. ती माझ्याही खोलीत येईना. मी तो खिडकीत आणून ठेवायचे, ते परत आत न्यायचे.

"अण्णा, ते हवेतून जातं, त्याला मी काय करू?"

"हवा बी आपल्याच घरातली हाय."

शेवटी मी राऊटर खिडकीतच खिळ्याला बांधून टाकला. सगळ्यात चांगली रेंज मिळाली ती काकूच्या ओट्यावर. मी टेबल तिकडे नेलं आणि काकूला पासवर्डही दिला. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावरून त्यांनी मला ओरडून विचारलं, "चालून राह्यलं का?" माझ्या कानात हेडफोन होते. काकांनीच उत्तर दिलं, "चालून राह्यलं बराबर."

अण्णा म्हणाले, "मंग ठीक हाय."

आता मी परत रॉटरडॅममध्ये आहे. गावी कायमची राहायला जाशील का, असं मला विचाराल तर नाही. त्या महिन्यात मी जितकी चिडले, तितकी इथे इतक्या वर्षांत चिडले नाही. इथे कुणाला काही विचारावंच लागत नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईचं नावही मला ठाऊक नाही. घर म्हणजे मला आता ती जागा वाटते, जिथे एक वायर आणायची तर दोन घरं उठवावी लागतात.

परवा अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. अण्णा होते.

"आपलं नेट गेलंय," ते म्हणाले.

"मग हा फोन कुणाचा?"

त्यांनी मान वळवून बाजूला पाहिलं. बाजूला कुणी तरी खाकरलं.

"ह्याचा. नेट बी ह्याचंच," अण्णा म्हणाले. "जल्दी बोल. ह्याला बी बोलायचंय."