तहानलेली जास्वंद आणि अक्का

बनशंकरीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या अक्कांशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे त्यांची मराठी कानडी वळणाच्या 'स्वल्प थांब'ने सुरू व्हायची आणि 'सरी'ने, म्हणजे 'ठीक'ने, संपायची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण वर्ग काही सुटला नव्हता. भाजीवाल्याकडून किडका घेवडा हट्टानं मागून घ्यायच्या. "किड्यानं चाखून बघितलाय, म्हणजे औषध मारलेलं नाही!" मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला घरात बोलावलं ते चहाला नव्हे, तर भिंगातून पानावरचा मावा, ती बारकी कीड, दाखवायला. चहा तासाभरानं मिळाला, गार झालेला.

मग एका उन्हाळ्यात बोअरवेल आटली. दिवसाआड टँकर, घरटी ठरावीक बादल्या, आणि झाडांना पाणी घालायचं नाही असा सोसायटीचा नियम. फाटकाजवळची अक्कांची जास्वंद महिन्याभरात कापूस चिकटवल्यासारखी पांढरी झाली. पिठ्या ढेकूण! अध्यक्षांनी झाड तोडायला माणूस बोलावला. तो कोयता घेऊन आला, तर अक्का बुंध्याला टेकून खुर्चीत बसलेल्या.

"झाड तहानलंय," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "पाणी कमी पडलं की त्याचा रस दाट होतो, पौष्टिक होतो. रस शोषणाऱ्या किड्यांची चंगळ! तहानलेल्याला तोडायचं असतं होय?"

"अहो, इथे माणसांना पाणी नाही!"

"माझ्या वाटचं मी कुणाला द्यायचं ते मी ठरवीन. सरी?"

कोयतेवाला परत गेला. तेव्हापासून तांदूळ धुतलेलं पाणी जास्वंदीला जाऊ लागलं, आणि अक्का रोज भिंग घेऊन किडे न्याहाळू लागल्या. पंधरा दिवसांनी एका सकाळी पाहिलं, तर पानांवर किडे जवळपास नाहीतच. "बघा, आपोआप गेले!" अध्यक्ष खूश. अक्कांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी एक पान बोटांत चुरडलं. ते पापडासारखं मोडलं.

"गेले नाहीत गं, उपाशी मेले," त्या मला म्हणाल्या. "सोंड खुपसून वर काही येईना, इतकं आटलंय झाड."

त्याच दिवशी टँकर आल्यावर त्यांनी आपल्या वाटच्या चारही बादल्या भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, जास्वंदीला घातल्या. अध्यक्ष नियम वाचत राहिले, अक्का ओतत राहिल्या. पाचवी बादली मी नेली. का नेली, ते मलाही सांगता येणार नाही.

वरच्या फांद्या वाळल्याच. त्या अक्कांनी स्वतःच्या हातानं छाटल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पण जमिनीलगत एक कोंब फुटला.

"वाचली ना, अक्का?"

"वाचली. फूल बघायला मात्र वर्षभर थांबावं लागेल. तू असशील ना गं इथे?"

"असेन की," मी म्हटलं. पुण्याच्या नव्या नोकरीला मी आदल्याच दिवशी होकार कळवला होता.