दादा, दिवा!

आकुर्डीपासून चाकणपर्यंत जेवढ्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांनी मिळून जेवढा माल नापास केला नसेल, तेवढा एकट्या आमच्या मेव्हण्यानं केला आहे. मेव्हणा म्हणजे आमच्या हिचा थोरला भाऊ. कंपनीत इन्स्पेक्शनला होता. दिवसभर माल मोजायचा, बरा असला तर पुढं सोडायचा, नसला तर त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि म्हणायचं, "रिजेक्ट." काम एवढंच, पण ते शिफ्ट सुटली तरी सुटायचं नाही. खिशात मोजायचा व्हर्नियर आणि लाल रंगाची इवलीशी बाटली कायम. भाकरी एका अंगाला जाड झाली, रिजेक्ट. न्हाव्यानं कल्ले खालीवर ठेवले, रिजेक्ट, उठायचंच नाही खुर्चीवरून. मी हिला बघायला निघोजेला गेलो तेव्हा हा माणूस माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघत बसला आणि पोहे संपल्यावर वडलांना आत नेऊन म्हणाला, "माल हलका हाय." मला बाहेर स्वच्छ ऐकू आलं. खोटं काय बोलला? चौथीतून शाळा सोडलेला, अंगानं काडी, लेथवर हेल्पर. पण हिनं आतून सांगितलं, "असू दे, चालंल," आणि मी पास झालो. आयुष्यात पास झालो तो तेवढाच.

अशा माणसाच्या नशिबी गाडी आली तीही नापास. त्याच्या कंपनीतला एक गोरा साहेब मायदेशी परत गेला आणि त्याची जुनीपुराणी विलायती मोटार यानं घेतली. इंजिन, ब्रेक, काचा, सगळं ठीक. फक्त स्टिअरिंगच्या दांड्यावर, चाकाच्या खाली, वळायचा दिवा लावायची जी कांडी असते, तिच्या आतला बोटाच्या पेराएवढा एक तुकडा मोडलेला. कांडी दाबली की दिवा लुकलुकायचा. पण वळून झालं, चाक सरळ झालं, की कांडीला मागं ढकलून दिवा विझवायचं काम त्या तुकड्याचं. तो नाही म्हटल्यावर दिवा लागला की लागलेलाच. हातानं विझवायला काय जातं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण जगाच्या चुका ध्यानात ठेवणाऱ्या या माणसाला आपला दिवा ध्यानात राहायचा नाही. चिंचवड स्टेशनला वळताना लावलेला दिवा एकदा देहूरोडपर्यंत लुकलुकत गेला आणि मागचा ट्रकवाला अर्धा खिडकीबाहेर येऊन ओरडला, "आरं बाबा, वळायचंय का नुसतंच सांगत फिरायचंय?" हे त्याला लागलं. त्यानं गाडी घरामागच्या पत्र्याखाली लावली ती लावलीच. "पार्ट मिळस्तवर गाडी पास न्हाई. पास न्हाई ती रस्त्यावर न्हाई."

यात पंचाईत झाली हिची. भावानं गाडी घेतली म्हटल्यावर हिनं निघोजेच्या झाडून सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं की, औंदा जत्रेला मी दादाच्या गाडीतनं येणार. जत्रा आली, आम्ही एसटीनं फाट्यावर उतरलो आणि धुळीतून चालत गेलो. वेशीतच एकीनं विचारलं, "गाडी मागनं येतीया का?" पुढच्या जत्रेला तेच. ही तिथं हसून न्यायची, पण परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसायची. शेवटी मला म्हणाली, "तुमी तरी जावा त्याच्यासंगं, आन् आना की ते काय हाय ते."

मग माझे रविवार गेले. पुण्याचा जुना बाजार, भोसरीचे भंगारवाले, एकदा तर मुंबईचा चोरबाजार. मोडका तुकडा हिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून माझ्या खिशात, व्हर्नियर त्याच्या खिशात. माझं काम तुकडा सांभाळायचं, तोंड घालायचं नाही. तरी मी घालायचो. एकदा ढिगाऱ्यातून हात वर करून ओरडलो, "पाव्हणं, घावला!" आणि हातात कपाटाचं बिजागर. जुन्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं मात्र खरोखरच तसला तुकडा काढून दिला. मेव्हण्यानं चष्मा लावला, मोजला, उन्हात धरला, पुन्हा मोजला. "अर्धा सूत कमी."

म्हातारा चिडला. "राव, पार्ट घ्यायला आलाय का पोरगी बघायला?"

"पोरगी सोपी असती. पार्टाचं तसं न्हाई," मेव्हणा म्हणाला, आणि सवयीनं त्या परक्या मालावर लाल ठिपका देऊन मोकळा झाला. म्हाताऱ्यानं आम्हाला बाजाराच्या टोकापर्यंत पोचवलं, हातात पाना घेऊन.

मग मला चेव आला. लेथवर जन्म काढलेला माणूस मी, एवढासा तुकडा करता येत नाही म्हणजे काय? ओळखीच्या एका शेडमध्ये सुट्टीचा दिवस घालवून पितळेचा केला, घासून सोन्यासारखा केला आणि त्याच्यापुढं ठेवला. त्यानं व्हर्नियर बाहेरसुद्धा काढला नाही.

"दाजी, ह्ये काय हाय?"

"पार्ट."

"मला वाटलं वरवंट्याचं पिल्लू."

ठिपका दिला. हिनं तो तुकडा उचलला आणि आमच्या डुगडुगत्या स्टोव्हच्या पायाखाली सारला. तिथं अगदी मापात बसला.

पुढच्या जत्रेच्या सकाळी त्याला घेऊन एसटीला जायचं म्हणून आम्ही आकुर्डीला त्याच्या घरी गेलो. ही इरकली नेसलेली. घरात न जाता सरळ मागं पत्र्याखाली गेली, गाडीचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर मांडी घालून बसली.

"उतर. गाडी पास न्हाई अजून," मेव्हणा म्हणाला.

"मी लगीन झाल्यापासनं नापासासंगंच संसार करती हाय. काय बिघडलं? चल."

मी आपला टोपी झटकत उभा.

"अगं, दिवा आपला आपण विझत न्हाई."

"मग मी सांगती की विझव म्हनून. तोंड हाय न्हवं मला?"

बहिणीच्या तोंडाबद्दल इन्स्पेक्शनला शंका नव्हती. गाडी निघाली. प्रत्येक वळण झालं की मागून आवाज, "दादा, दिवा!" आणि हा खटकन कांडी ओढायचा. मोशी गेली, निघोजेच्या फाट्यावर डावीकडं वळलो, "दादा, दिवा!" वेशीत बायका जमल्या, तर ही खाली उतरायलाच तयार नाही. दारातून सगळ्यांना सांगत बसली, "माझ्याबिगर चालतच न्हाई ही गाडी." त्यात खोटं काही नव्हतं. तिथून पुढं गाडी निघाली की ही मागं असायचीच, आणि मेव्हण्यानं पार्टाचं नाव पुन्हा काढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ही गेली. पुढं काही महिन्यांनी जुन्या बाजारातल्या त्या म्हाताऱ्याचा निरोप आला. राग धरून होता, पण तसला तुकडा हाताला लागल्यावर ठेवला होता त्यानं. मेव्हणा तो घेऊन माझ्याकडं आला. तेलकट कागदात गुंडाळलेला, कोरा करकरीत. मी चहा ठेवला. त्यानं तुकडा मोजला. दारात जाऊन उन्हात धरला, पुन्हा मोजला. मापात होता, त्याच्या तोंडावरूनच कळलं मला. मग त्यानं खिशातली बाटली काढली आणि त्यावर लाल ठिपका दिला.

"का वो पाव्हणं? कमी हाय?"

"मापात हाय," तो म्हणाला. "बोलत न्हाई."

त्या दिवशी दोघांचाही चहा निवला.

यंदा जत्रेला आम्ही दोघंच गेलो. मी पुढं बसलो, मागची सीट तशीच. फाट्यावर तो डावीकडं वळला, चाक सरळ झालं, दिवा टिकटिकत राहिला. त्याला ऐकू येत होतं, मलाही. सायकलवरचा एक जण मागून ओरडला, "काका, दिवा राहिलाय!" मेव्हण्यानं हात बाहेर काढून त्याला पुढं जा अशी खूण केली. मला सांगता आलं असतं. एकदा तोंड उघडलंसुद्धा. पण माझा आवाज या माणसानं रिजेक्टच केला असता. वेशीपर्यंत आमचा डावा दिवा तसाच लुकलुकत गेला.